कोफोरिदुआच्या बाजारातली मणीखरेदी

घानात राहायला आल्यापासून बायकांच्या गळ्यातल्या, मनगटावरच्या काचमण्यांवर माझा डोळा होता. आक्रातल्या पर्यटकांच्या दुकानांत भाव ऐकूनच काढता पाय घ्यावा लागायचा. शेजारणीने सांगितलं, गुरुवारी कोफोरिदुआ गाठ. तिथे दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. ट्रोट्रो, म्हणजे आपली वडापच, पकडली आणि सकाळीच पोहोचले.

आधी काही न घेता एक फेरी मारली. खरे बघायचे ते क्रोबो लोकांचे मणी. जुन्या बाटल्या कुटून काचेची पूड करायची, ती मातीच्या साच्यात भरायची आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ खोचायचा. (कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचं झाड.) भट्टीत देठ जळून जातो आणि वेज तयार होतं. मणी साच्याला चिकटू नये म्हणून आत पांढऱ्या मातीचा लेप देतात. एका म्हाताऱ्या विक्रेतीने मणी तळहातावर आपटला, तर वेजातून ती पांढरी पूड सांडली. प्लॅस्टिकची शंका आली तर मणी दातावर टेकवायचा. काच गार लागते आणि टक्क वाजते.

व्हेनिसचे जुने मणीही होते. युरोपीय व्यापारी ते देऊन सोनं आणि माणसंसुद्धा नेत. अस्सल जुन्या मण्यांच्या कडा झिजलेल्या असतात खऱ्या, पण झीज मुद्दामही आणता येते. पारख नसेल तर त्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत. काही माळा चक्क भारतातून आलेल्या. एवढ्या लांब येऊन त्या कोण घेणार!

भाव माळेवर ठरतो. "आँटी, चार घेते, नीट लावा," म्हटलं तेव्हा त्या जरा खाली आल्या. पैसे उजव्या हातानेच द्यायचे, डावा पुढे केलेला तिथेही चालत नाही. सौदा झाल्यावर हसत "डॅश?" (म्हणजे वर काही फुकट?) विचारलं, तर त्यांनी मूठभर सुटे मणी वर टाकले.

बाजारातला दोरा कच्चा असतो. घरी येऊन सगळ्या माळा सोडवल्या, मणी पाण्यात भिजत घातले, सुईने वेजातली माती काढली आणि पक्क्या नायलॉनमध्ये ओवले. बिअरच्या बाटलीच्या काचेची हिरवी माळ सासूबाईंना पाठवली. कशाची आहे ते अजून सांगितलेलं नाही.