एकवीस किलोमीटरचं पावतीपुस्तक

१९ जानेवारी २०२५. पहाटेचे साडेचार. माहीमच्या रेतीबंदरावर हजारो लोकांच्या गर्दीत मी उभी होते आणि माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बॉलपेनने एकवीस नावं लिहिलेली होती. शेजारच्या मुलाने डोकावून विचारलं, "काकू, टायमिंगचं गणित आहे का?" म्हटलं, नाही रे, देणेकरी आहेत. खरं तर ते दाते होते, पण त्या क्षणी मला ते देणेकरीच वाटत होते.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवते, वय सेहेचाळीस. टाटा मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी मॅरेथॉन मी एका संस्थेसाठी पळाले. कोणत्या, ते इथे सांगत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा सांगलीकडून परळला टाटा हॉस्पिटलात उपचारासाठी आला, तेव्हा औषधांइतकाच मोठा प्रश्न होता राहायचं कुठे. त्या भागात पदपथावर पथारी टाकून राहिलेली कुटुंबं मुंबईकरांना नवी नाहीत. या संस्थेने मायलेकांना सात महिने एक खोली आणि सामाईक स्वयंपाकघर दिलं. पोरगं आता सायकल हाणतं. तेव्हा कारण माझ्याकडे होतं. पाय मात्र नव्हते, आणि पैसे मागायची जीभ तर अजिबात नव्हती.

पुढच्या वर्षी कोणी जाणार असेल तर जीभेचं आधी सांगते, कारण पळण्यावर सगळेच बोलतात.

सप्टेंबरमध्ये मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक, भावनिक निरोप टाकला. त्रेचाळीस अंगठे आले, अकरा नमस्कार आले, पैसे तिघांनी दिले. त्यातला एक माझा नवरा. पंधरा दिवस मी फुगून बसले होते. मग लक्षात आलं की गणपतीची वर्गणी कोणी निरोप टाकून गोळा करत नाही. पोरं दारात येऊन उभी राहतात, पावतीपुस्तक उघडतात आणि विचारतात, "काका, किती लिहू?" देवळातसुद्धा 'दान करा' म्हटलं की माणूस खिशात सुट्टे चाचपतो आणि 'एका दिवसाच्या अन्नदानाची पावती' म्हटलं की आकडा ठरतो. म्हणून मी किलोमीटर विकायला काढले. एक किलोमीटर अडीच हजार रुपये. ज्याने घेतला त्याचं नाव हातावर, आणि तो किलोमीटर त्याच्या नावाने पळायचा. दोघां-तिघांनी मिळून घेतला तरी चालेल. वहीत एक ते एकवीस आकडे घालून स्टाफरूममध्ये नेली आणि पहिल्याच मधल्या सुट्टीत चार गेले. आमच्या सोसायटीच्या चेअरमननी घासाघीस करून पंधरावा दोन हजारांत मागितला. मी दिला नाही. शेवटी अडीचलाच घेतला, वर म्हणाले, "त्यात चढ आहे ना? मग बरोबर आहे." वर्गातल्या मुलांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. मुलांकडून मागितलं की ते आईबापांवर ओझं होतं. त्यांना मी फक्त माझा वेळ ओळखायला सांगितला.

अर्धी मॅरेथॉन एकवीस किलोमीटरची नसते, २१.०९७५ ची असते. हे मी स्टाफरूममध्ये सांगत असताना आमचे शिपाईमामा पाण्याचा जग ठेवत होते. म्हणाले, "मग वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कोणाचे?" कोणाचेच नव्हते. "किती होतात?" दोनशे त्रेचाळीस रुपये पंचाहत्तर पैसे. त्यांनी दोनशे पंचेचाळीस मोजून दिले आणि म्हणाले, "सव्वा रुपया राहू दे. आणि पावती पाहिजे."

पावतीचं नीट लक्षात ठेवा. आयकरातली देणगीवरची सूट (माझ्या वेळी कलम ८० जी) जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. हे न सांगता पैसे घेतले तर मार्चमध्ये शिव्या खाव्या लागतात. रोख दोन हजारांच्या वर दिले तर जुन्या पद्धतीतही सूट नाही. सूट हवी असणाऱ्याकडून पॅन नंबर तेव्हाच लिहून घ्या, कारण नंतर तो मागणं म्हणजे पुन्हा वर्गणी मागणं. वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र येतं (माझ्या वेळी त्याचं नाव १० बीई), साधी पावती पुरत नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं आणखी वेगळं. न्यू जर्सीच्या मावसभावाने उत्साहाने विसावा किलोमीटर घेतला, पण तो आता अमेरिकन नागरिक. त्याचे पैसे कायद्याने परकीय देणगी ठरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी असेल तरच, आणि त्यासाठीच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच, ते घेता येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिले तर हा प्रश्न येत नाही. शेवटी विसावा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने घेतला, स्वतःच्या पेन्शनमधून.

बिबचं, म्हणजे छातीवर लावायच्या धावपटूच्या क्रमांकाचं, थोडक्यात. दोन वाटा आहेत. ऑनलाइन नोंदणी उघडली की साधा प्रवेश घ्यायचा आणि हवं तर सोबत संस्थेसाठी निधी गोळा करायचा, किंवा संस्थेकडून चॅरिटी बिब घ्यायचा. तो साध्या प्रवेशापेक्षा बराच महाग असतो. दानाची ही सगळी बाजू युनायटेड वे मुंबई सांभाळते आणि सहभागी संस्थांची यादी त्यांच्याकडे असते. शर्यत जानेवारीत असली तरी जागा त्याच्या कित्येक महिने आधी भरतात. दिवाळीत जाग आली तर उशीर झाला समजा.

आता पाय. अनंत चतुर्दशीनंतर सुरुवात केली तेव्हा हातात जेमतेम अठरा आठवडे होते. मंगळवार, गुरुवार आणि रविवार एवढेच दिवस. पहाटे पाचला ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. भटकी कुत्री होती. पळत राहिलं की मागे लागतात, थांबून चालायला लागलं की त्यांचा रस जातो. वेग किती ठेवायचा याचं एकच माप मी पाळलं: बरोबरच्या बाईशी आमटीची कृती बोलता आली पाहिजे. धाप लागून फोडणीवर अडकलं की वेग जास्त झाला.

ऑक्टोबरमध्ये मी मूर्खपणा केला. सात किलोमीटर सुखाने झाले म्हणून पुढच्या दोन रविवारांत बारावर उडी मारली. नडग्या अशा दुखायला लागल्या की जिना उतरताना कठड्याला धरायची वेळ आली. बारा दिवस घरी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पायरीच्या काठावर उभं राहून टाचा वर-खाली करायला लावल्या, रोज, दात घासताना. आणि बजावलं की रविवारचं अंतर एका वेळी एखाद्या किलोमीटरनेच वाढवायचं, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक रविवार मुद्दाम कमी करायचा. पोटऱ्यांचा आणि मांड्यांचा व्यायाम टाळून नुसतं पळणाऱ्या आमच्या वयाच्या बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दिवाळीचा फराळ झाला, मग २० नोव्हेंबरच्या मतदानाची ड्युटी आली. शिक्षकाच्या कोणत्याही वेळापत्रकात निवडणूक येतेच. आदल्या रात्री शाळेच्या बाकावर झोप, दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा मशीन जमा करून घर. तो आठवडा गेला तो गेला. बुडालेलं अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढायचा मोह झाला, पण नडग्या आठवल्या. डिसेंबरमध्ये दोन रविवार ठाण्याला येऊरच्या चढावर गेले, शर्यतीतल्या पेडर रोडच्या चढासाठी. २९ डिसेंबरला अठरा किलोमीटर झाले आणि तिथून शर्यतीपर्यंत अंतर उतरवत आणलं. सरावात पूर्ण एकवीस पळायची गरज नसते. उरलेले तीन त्या दिवशी गर्दी पळवते.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, पाय फुगतात. कपडे, अंतर्वस्त्रं, मोजे, सगळं आधी लांब पळण्यात वापरून बघितलेलं हवं. काखेत, मांडीला आणि ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन चोपडा, लाजू नका. नंतरच्या आंघोळीत कळतं मी काय म्हणतेय ते. पाळीची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर घाबरून गोळ्या घेऊ नका, सरावातल्या एका रविवारी त्या दिवसांतही पळून बघा. मी बघितलं होतं म्हणून निभावलं.

बिब घ्यायला आधीच्या दिवसांत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, भरणाऱ्या मॅरेथॉनच्या एक्स्पोत स्वतः जावं लागतं, ओळखपत्र घेऊन. शर्यतीच्या पहाटे बिब मिळत नाही. मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेले, कुर्ल्याहून रिक्षाने. शनिवारी जाऊ नका. एक तर गर्दी, आणि आदल्या दिवशी चार तास उभं राहून पाय दुखवून घेण्यात शहाणपण नाही.

अर्धी मॅरेथॉन माहीमहून सुटते आणि सीएसएमटीजवळ संपते, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही. पूर्ण मॅरेथॉन सुटते ती सीएसएमटीहून. उपनगरांतून येणाऱ्यांसाठी रेल्वे त्या पहाटे जादा लोकल सोडते, पण वेळा त्या आठवड्यात नीट पाहून घ्या. मी धोका पत्करला नाही, शिवाजी पार्कच्या मावशीकडे मुक्काम केला. हीच ती विसाव्या किलोमीटरवाली. रात्री आठला वरणभात, साडेतीनला उठून केळं आणि दोन खजूर. शौचालयाच्या रांगेत पंचवीस मिनिटं गेली, तेवढी धरूनच निघा.

पहिले दोन किलोमीटर गर्दी ढकलते म्हणून वेग वाढतो. मी स्वतःला आमटीची आठवण करून दिली. माहीम कॉजवे, वांद्रे रेक्लमेशन आणि मग सी लिंक. २००९ मध्ये सुरू झालेल्या या ५.६ किलोमीटरच्या पुलावर एरवी पायी जायला बंदी आहे, त्यामुळे तिथे पाय ठेवताना चोरी केल्यासारखं वाटतं. काळोख, दोन्ही बाजूंना पाणी, वर केबलचे दिवे आणि बुटांचा एकसारखा फट फट आवाज. सुंदर आहे, पण भर लेनमध्ये थबकून सेल्फी काढणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी इथे नोंदवून ठेवते. फोटो काढायचाच असेल तर हात वर करून कडेला सरका. पुलाच्या जोडांवर पाय अडखळतो, खाली बघा.

पाचवा, सहावा, सातवा स्टाफरूमचे. वरळी सी फेसवर नववा माझ्या नवऱ्याचा. त्याच्या किलोमीटरवर मी चालले, त्याला माहीत आहे. बाराव्याला, हाजी अलीच्या अलीकडे, कोणीतरी एनर्जी जेल हातात दिलं. सरावात कधी खाल्लं नव्हतं, तरी फुकट मिळालं म्हणून खाल्लं. पुढची वीस मिनिटं पोटात जे मुरडत होतं ते त्या फुकटेपणाचं फळ. नंतर घरची मीठ-साखर-लिंबाची बाटलीच कामी आली. साधं पाणीही प्रत्येक टेबलावर ढोसू नका, तहान लागेल तसं दोन घोट. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी भरत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट.

उजाडता उजाडता पेडर रोड लागला. चेअरमनचा किलोमीटर. चढ फार उंच नाही, पण पाय दमल्यावर येतो हीच त्याची खोड. मी तीस पावलं पळायची, वीस चालायची असं मोजत चढले. दोन्ही बाजूंना लोक घरातून खाली आलेले, संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन. एका आजींनी फोड हातात न देता थेट तोंडात घातली. माणसाला रडू तिथे येतं, फिनिशला नाही. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर मात्र आनंदाने सुटू नका. मांड्या तिथेच जातात आणि बिल मरीन ड्राइव्हवर येतं.

मरीन ड्राइव्ह सपाट आहे आणि संपत नाही. नरिमन पॉइंटच्या इमारती समोर दिसत राहतात, जवळ येत नाहीत. समोरून एलिट धावपटू गेले, पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. त्यांनी तिथवर जेवढी मिनिटं घेतली तेवढ्यात मी माहीमला रांगेत उभी होते. विसावा, मावशीचा, चर्चगेटच्या वळणाजवळ. तो मी पूर्ण पळाले. पेन्शनचे पैसे होते.

एकविसाव्याचा फलक गेला आणि मग मामांचे साडेसत्त्याण्णव मीटर. वेळ २ तास ५२ मिनिटं. सातवी ब मधल्या एका मुलीने २ तास ५० सांगितलं होतं, तिला पेन्सिलींचं पाकीट.

सोमवारी पाय जिन्यावर आडवे टाकत शाळेत गेले. मामा फाटकातच उभे. "माझे पळालात का चाललात?" पळाले, म्हटलं, आणि घड्याळ दाखवलं. त्यात २१.३८ भरले होते. असं होतंच: मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि आपण गर्दीतून नागमोडी जातो, म्हणून घड्याळापेक्षा रस्त्यावरच्या फलकांवर विश्वास ठेवावा. मामांनी आकडा नीट पाहिला.

"मग हे वरचे कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत. २८२.५ मीटर फुकट."

"माझा सव्वा रुपया आहे ना तुमच्याकडे, त्यात बसतात का बघा."

तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. सव्वा रुपयात अर्धा मीटर बसतो.