अंगरखा हाताचा की यंत्राचा: एका अर्जाचा अनुभव

वाशीच्या एका वस्त्रप्रदर्शनात माझा अंगरखा लागला, त्याला बरेच दिवस झाले, तरी त्याच्या प्रवेश-अर्जाचा राग अजून गेलेला नाही. निर्मितीच्या पद्धतीपुढे त्यात दोनच चौकोन होते, 'हस्तनिर्मित' आणि 'यंत्रनिर्मित', आणि त्यांपैकी एकावरच खूण करायची सक्ती होती. माणूस आणि यंत्र एकाच कापडावर कसे राबतात हे दाखवण्यासाठी जे वस्त्र शिवले, त्याच्याबद्दल हा प्रश्न जरूर विचारावा; पण उत्तर ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसावी, हे मला फार लागले.

अंगरख्याची कल्पना आईच्या कामातून आली. ती वागळे इस्टेटमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात नगावर शिलाई करायची. कॉलर एकीने शिवायची, बाह्या दुसरीने, आणि गठ्ठ्याला बांधलेल्या तिकिटावरच्या आकड्यांवरून प्रत्येकीची मजुरी ठरायची. म्हणून अंगरख्याचा उजवा पुढा आईने तिच्या पायाच्या मशीनवर शिवला, बाकीचे सगळे मी हाताने शिवले, आणि पाठीवर आईचे नाव संगणकाच्या जुन्या छिद्रपत्राच्या, म्हणजे छिद्रे पाडून माहिती लिहायच्या जाड कागदाच्या पत्राच्या, पद्धतीने काजांमध्ये काढले. आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या ऐंशी स्तंभांच्या या पत्रावर रोमन लिपीतले एकेक अक्षर एका स्तंभातल्या दोन छिद्रांनी लिहिले जाई. प्रत्येक छिद्रासाठी मी आधी भोवती बारीक धावदोरा घातला, मग कापड कापले आणि काजटाक्याची गाठ बरोबर कापलेल्या कडेवर बसवली. ही गाठ आत सरकली की कडेचे धागे सुटू लागतात, त्यामुळे या कामात घाई अजिबात चालत नाही.

काठ मी मुद्दाम जकार्ड, म्हणजे छिद्रपत्रांवरून नक्षी ठरवणारी जोडणी, बसवलेल्या हातमागावर विणलेला घेतला. फ्रेंच विणकर जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर रुळवलेल्या छिद्रपत्रांचीच कल्पना पुढे इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली, आणि जकार्डचा माग जशी फुलेपाने विणतो तशी हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणते, असे त्याची सहकारी ॲडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहून ठेवले. हा सगळा इतिहास मला आईच्या नावाशेजारी हवा होता. काजांच्या मागे अस्तरावर वीजवाहक दोऱ्याने लाल एलईडी टाकले, की अंगरखा पूर्ण झाला.

अडले ते खिडकीवर. "मॅडम, मशीन लागलंय ना याला? मग हस्तनिर्मित कसं होईल?" असे म्हणून तिथल्या गृहस्थांनी उजव्या पुढ्याची शिवण बोटाने दाखवली आणि अर्ज परत केला. यंत्रनिर्मितच्या टेबलावर गेले, तर तो विभाग फक्त कारखान्यांसाठी असल्याने त्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मागितली, जी माझ्याकडे असण्याचे कारणच नव्हते. पुन्हा पहिल्या खिडकीवर आले, तेव्हा त्यांचे लक्ष एलईडींकडे गेले आणि मंडपाच्या वीज कंत्राटदाराचे सुरक्षापत्र आणायला सांगण्यात आले. कंत्राटदाराचे म्हणणे असे की मंडपाच्या जोडणीवर चालणाऱ्या वस्तूंसाठीच तो सही देतो, आणि तीन व्होल्टचा बटण-सेल त्यात बसत नाही. त्याचे म्हणणे बरोबरच होते, पण ते लिहून द्यायला तो तयार नव्हता. शेवटी काठावरही शंका निघाली, जकार्ड म्हणजे मशीनच, अशी. या एवढ्यासाठी मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने, अंगरख्याला चुणी पडू नये म्हणून तो मांडीवर आडवा धरून, पुन्हा पुन्हा येत होते, आणि निर्णय घेऊ शकणारे साहेब दर वेळी बैठकीत असत.

तोंडी समजावण्याचा उपयोग होत नाही हे दिसल्यावर मी घरी बसून एक पानी निवेदन लिहिले, आणि ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी ते पहिल्याच दिवशी सोबत न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. वस्तू आणि सेवा कराच्या जुलै २०१८ च्या अधिसूचनेत हस्तकलेच्या वस्तूची व्याख्या आहे: वस्तू प्रामुख्याने हाताने केलेली असावी, मग त्यात काही हत्यारे किंवा यंत्रे वापरलेली असली तरी चालेल. हातमाग आरक्षणाच्या १९८५ च्या कायद्यात तर यंत्रमाग सोडून कोणताही माग हा हातमागच मानला आहे. जकार्ड फक्त ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे उचलायचे ते ठरवते. माग विणकराच्या हातापायांनीच चालतो. या दोन्ही व्याख्या उतरवून खाली अंगरख्याचा प्रत्येक भाग कोणी, कशाने केला ते लिहिले, आईच्या मशीनची शिवण न लपवता. साहेब अखेर भेटले, त्यांनी ते पान उभ्या उभ्या वाचले आणि हस्तनिर्मितवर खूण करून सही केली. त्या क्षणी मला जितका आनंद झाला तितकाच संतापही आला, कारण हे वाचायला त्यांना काही मिनिटेसुद्धा लागली नव्हती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. मंडपात पुन्हा कोणी हटकले तेव्हा मला तीच प्रत कामी आली.

शिवणाबद्दल थोडे राहिले. लाल एलईडी घ्यावेत, कारण त्यांना साधारण दोन व्होल्ट पुरतात आणि सेल उतरत आला तरी ते पेटतात. मात्र ते समांतर जोडावेत, कारण एकामागोमाग एक जोडल्यास तीन व्होल्टवर दोनसुद्धा नीट पेटत नाहीत. पोलादी वीजवाहक दोऱ्याला साधे डाग देणे जमत नाही, म्हणून एलईडीच्या तारा वळवून कड्या कराव्यात, त्यांत दोऱ्याचे अनेक घट्ट वेढे घ्यावेत आणि गाठीवर रंगहीन नेलपॉलिश लावावे. दोन ध्रुवांचे दोरे अस्तराच्या घडीतही एकमेकांना लागता कामा नयेत. धुण्याआधी सेल काढावा. प्रदर्शनात लहान मुले कपड्यांना हात लावतात, आणि गिळलेला बटण-सेल अन्ननलिका भाजून काढतो, त्यामुळे सेलचा खिसा नुसत्या टिचबटणावर न ठेवता वरून टाके घालून बंद करावा आणि सेल बदलताना तेवढेच टाके उसवावेत.