तहकूब विषय

2 ऑक्टोबरची ग्रामसभा होती आणि त्या गावात ग्रामसेवक म्हणून मला जेमतेम दोन महिने झाले होते. सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. फेब्रुवारी सरला की टँकरचा प्रस्ताव करायचा, ही तिथली दरसालची रीत. खोलीवर एकटाच असायचो, म्हणून संध्याकाळी ऑफिसातच बसून जुनी प्रोसिडिंगं, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या वाचायचो. गाव कळायला याहून चांगली वाट नाही, असं मला वाटायचं.

2009 च्या प्रोसिडिंगात एक ठराव सापडला. ओढ्याकाठच्या जमिनीच्या एका गटात पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर घ्यायची चर्चा झाली होती. खाली, निळ्या शाईत, तीन ओळी: ‘जागामालक यांनी जागा देण्यास असमर्थता दर्शविल्याने सदर विषय तूर्त तहकूब ठेवणेत यावा.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्यानंतरच्या सगळ्या वह्या मी चाळल्या. विषय परत कुणी काढलाच नव्हता.

मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाने पाणी द्यायच्या योजनेत, माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायचं म्हणजे आधी खात्रीचा उद्भव, पाण्याचा स्रोत हवा. टाकी आणि पाइपलाइन कितीही चांगली केली तरी विहिरीला पाणी नसेल तर नळातून हवाच येणार. आणि इथे जागा आधीच सुचवलेली, नुसती तहकूब होऊन पडलेली! मी नोटिशीत विषय घातला: ‘2009 च्या तहकूब विषयाचा फेरविचार करणे.’ सरपंचांनी सही करताना क्षणभर पेन थांबवलं होतं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचारलं नाही.

सभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, घरपट्टी झाली, रस्त्याचा विषय झाला. मग मी ती जुनी वही उघडली आणि माइकवर तो ठराव जसाच्या तसा वाचला. जागामालकाच्या नावासकट.

एवढा वेळ गलका चाललेली सभा एकदम गप्प झाली. बायकांच्या बाजूला मधल्या रांगेत एक साठीच्या मावशी बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि चपला शोधायला लागल्या. चपला सापडेनात, म्हणून अनवाणीच निघाल्या. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. सरपंच माझ्याकडे न बघता म्हणाले, “भाऊसाहेब, पुढचा विषय घ्या.”

मी पुढचा विषय घेतला. काय वाचलं ते आजही आठवत नाही.

सभा उठल्यावर आमच्या शिपाईमामांनी सतरंज्या गुंडाळता गुंडाळता सगळं सांगितलं. मामा तीस वर्षं गावाचं पाणी सोडतात. ज्यांचं नाव मी वाचलं त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं. विहिरीला जागा देतो असं त्यांनीच चावडीत उठून सांगितलं होतं. पण सातबारा सामाईक, त्यावर तीन भावांची नावं. सगळ्यांच्या सह्यांशिवाय बक्षीसपत्र होणार कसं? धाकटे दोघे अडून बसले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. 1993 च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नव्हती. उद्या आमच्या रानात बोअर मारायची झाली तर कुणाच्या दारात जायचं, असा त्यांचा सवाल. भाऊबंदकी लागली, बोलणं तुटलं आणि दुसऱ्या वर्षी थोरले भाऊ वारले. ज्या मावशी उठून गेल्या त्या त्यांच्या पत्नी.

“गावाला सगळं ठावं हाय,” मामा म्हणाले, “म्हणून तर कुणी विषय काढत नव्हतं. तुमी मला तरी इचारायचं.”

हे ‘तुमी मला तरी इचारायचं’ मला फार लागलं, कारण विचारायला खरोखर सगळे जवळच होते. मामा रोज समोर बसायचे. सरपंचांचं पेन थांबलं होतं. आदल्या दिवशी महिला सभा झाली, तिला मावशी स्वतः हजर होत्या. मी हजेरीच्या सह्या घेण्यात गुंतलो होतो. विषय तिथे नुसता हळूच काढला असता तरी माइकपर्यंत गोष्ट गेली नसती. मी वही वाचली, पण वहीच्या बाहेर काय घडलं होतं आणि 2009 नंतर काय काय बदललं, यातलं एकही शोधलं नाही. कपाटात धूळ खात पडलेला कागद म्हणजे बेवारस, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मावशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “कागदात लिवलंय ते तुमी वाचलं. तुमचा काय दोष? पर त्यो कागद अर्धा हाय.” मग मुलाने आतून नवा सातबारा आणला. मधल्या काळात तहसीलमधून वाटप होऊन ओढ्याकडचा हिस्सा त्यांच्या नावावर वेगळा झालेला. म्हणजे 2009 ची अडचण कागदावर कधीच सुटली होती आणि मी फेरविचार मांडताना साधा चालू सातबारासुद्धा काढला नव्हता. धाकट्या दिरांकडे गेलो तर तेही म्हणाले, आमची बोअर कधीच आटली, आता कसले 500 मीटर.

नव्या माणसाने जुना विषय काढूच नये, असं मी आजही म्हणणार नाही. तसं झालं तर गावं आहेत तिथेच राहतील. पण काढायचा तर नवं काही हातात घेऊन, आणि ज्यांना त्याची झळ लागली त्यांच्या दारावरून जाऊन. मी भूजल सर्वेक्षणच्या भूवैज्ञानिकांना पत्र दिलं. त्यांनी येऊन ओढ्याकाठची जागा पाहिली, अनुकूल अहवाल दिला. मग 26 जानेवारीच्या सभेच्या नोटिशीत नवाच विषय घातला, नव्या क्रमांकाने. ‘फेरविचार’ हा शब्द काढून टाकला. नोटीस लावायच्या आधी मसुदा मावशींना वाचून दाखवला.

त्यांनी एकच मागितलं. जुन्या पानावर दुरुस्ती करा. मी सांगितलं, कायम झालेल्या इतिवृत्तावर मला काय, कुणालाच पेन लावता येत नाही. पण आजच्या सभेत कुणी काही बोललं तर ते आजच्या पानावर लिहिणं माझं कामच आहे.

सभेत त्या स्वतः उठल्या. माइक नको म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं मी लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचलं: ‘कै. जागामालक हे सन 2009 मध्ये विहिरीसाठी जागा देण्यास तयार होते.’

“तयार व्हते न्हाई,” त्या म्हणाल्या. “शबूद दिला व्हता. आन फिरवला न्हाई.”

मी ‘तयार होते’ खोडलं, खोडलेल्या जागी बारीक सही केली आणि लिहिलं: ‘शब्द दिला होता व तो फिरविला नाही.’ सूचक म्हणून धाकट्या दिरांनी हात वर केला. वही घेऊन मी बायकांच्या बाजूला गेलो. मावशींनी चष्मा लावून ती ओळ बोटाने वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मग अनुमोदकाच्या जागी सही केली.