गॅलरीत नुसतं बसणं

रविवार, 28 सप्टेंबर

सोसायटीची वार्षिक सभा आज उरकली एकदाची. कायद्याने ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमच्याकडे दरवर्षी शेवटचा रविवार गाठतात, आणि दरवर्षी नेमकी तेव्हाच माझ्या बँकेची सहामाही डोक्यावर असते. उद्या-परवा घरी यायला किती वाजतील देव जाणे.

सकाळी दहाला पाच-सहा टाळकी जमली. गणपूर्ती नाही, सभा अर्धा तास तहकूब. मला हा अर्धा तास सभेपेक्षा जड जातो. सभेत निदान विषयपत्रिका असते. तहकुबीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ‘मग, काय विशेष?’ला उत्तर द्यायचं असतं. मी इतिवृत्ताची वही उघडून मागच्या सभेचे ठराव वाचत बसते. माझ्याच अक्षरातले, जवळजवळ पाठ झालेले, तरी वाचते. साडेदहालाही टाळकी तेवढीच होती, पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे झाली सुरू. पार्किंगवरून बराच वेळ आवाज चढले. एकाने फाइल आपटली. वहीत त्याच्या दोन ओळी झाल्या : ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली. निर्णय कमिटीवर सोपवण्यात आला.’ ही वही मी आपणहून मागून घेतली होती. लिहिणाऱ्याला कोणी ‘तुम्ही काहीच बोलत नाही’ म्हणत नाही.

मी घुमी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना वाटतं, अशा बाईला मुलुंडचा हा टॉवर बरा, दार लावलं की संपलं. माझं मत बरोबर उलटं आहे.

माझं लहानपण गिरगावात गेलं, चाळीत. केशवजी नाईकांची चाळ तिथून हाकेच्या अंतरावर. तिथला सार्वजनिक गणपती 1893चा, त्यामुळे आमच्या चाळीचा गणपती कितीही जुना झाला तरी ‘कालचा’च राहिला. चाळ फार गोड होती वगैरे मी म्हणणार नाही. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्याला तसं म्हणवतही नाही. पण एक होतं : तिथे असायला बोलावं लागत नसे. दार दिवसभर उघडं. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसायचे. येणारी-जाणारी माझे पाय ओलांडून जात. कोणी मेथीची जुडी समोर टाकून शेजारी बसे, मी पुस्तक मांडीवर ठेवून निवडायला लागे, जुडी संपली की ती उठून जाई. एक शब्द नाही. ‘घुमी आहे हो ती,’ एवढं म्हणून विषय मिटला होता, आणि कोणाच्या बारशाला मला आवतण आलं नाही असं कधी झालं नाही.

टॉवरमध्ये तसं नुसतं दिसत राहायला जागाच नाही. लिफ्टमध्ये मिळतात काही सेकंद, त्यात सगळे मजल्यांचे आकडे बघत उभे. मग शेजारपण असं तारीख-वेळ ठरवून करावं लागतं : सभा, स्नेहसंमेलन, माइकवर स्वतःची ओळख. म्हणजे बोलक्यांचंच राज्य. आठवडाभर ऑफिसात बोलून बोलून घसा बसलेला असतो, आणि रविवारी पुन्हा तेच.

त्यापेक्षा लोकलचा लेडीज डबा समजूतदार. सध्या नवरात्र आहे, त्या त्या दिवसाचा रंग नेसून गेलं की झालं. उद्या सोमवार, मोरपंखी. चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली बाई माझ्या साडीकडे बघून मान हलवते, मी तिच्या. सीएसएमटीपर्यंत तेवढं पुरतं.

तेव्हा मी आता कामं अशी निवडते, ज्यांत हात गुंतलेले असतात. गणपतीत वर्गणीला मी आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू जोडीने फिरतो. बेल त्या वाजवतात, चौकश्या त्या करतात, मी मागे उभी राहून कार्बन सरळ करते, आकडा अक्षरी लिहिते, पावती फाडून देते. रात्री मूर्तीपाशी बसायची पाळी असते, ती मी पहाटेची घेते. सकाळी आरतीला टाळ वाजवते, सूत्रसंचालन करत नाही. यंदा त्यासाठी फार आग्रह झाला. मी सहामाहीचं कारण दिलं नाही. कारण दिलं की लोक पुढच्या वर्षी वेळ काढून देतात. ‘नाही जमणार मला,’ एवढंच म्हटलं. थोडं अवघडलं, मग कोणीतरी चहा आणला.

आज सभा संपता संपता कोजागिरीचं निघालं. गच्चीवर कार्यक्रम, त्यात सगळ्यांना बोलतं करणारा एक खेळ, आणि तो मी घ्यावा अशी सूचना. मी म्हटलं, खेळ नको, मसाला दूध आटवायला मी उभी राहते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मोठं पातेलं आहे, ढवळत राहावं लागतं, खाली लागलं तर सगळं वाया. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

“बरं, ढवळ तू. पण साखर मी घालणार. गेल्या वर्षी अगदी अगोड झालं होतं.”

हे मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.