सी ग्रेडवाली घटनादुरुस्ती

अमेरिकेच्या घटनेतली माझी सगळ्यात लाडकी दुरुस्ती म्हणजे २७वी. खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला तरी मधे निवडणूक झाल्याशिवाय तो लागू होत नाही, बस एवढंच. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने १७८९ ला मांडली, पण पुरेशा राज्यांनी मंजुरी दिली नाही आणि ती पडून राहिली, मुदतच घातली नव्हती ना! १९८२ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीतल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या पोराने पेपर लिहिला की ही अजूनही पास होऊ शकते, तर मिळाला सी ग्रेड. पठ्ठ्या पेटला, राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहीत सुटला आणि १९९२ ला ती खरंच घटनेत आली. ग्रेड सुधारायला मात्र २०१७ उजाडलं 😄 त्याच १७८९ च्या लॉटमधली प्रतिनिधीगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) सदस्यसंख्येची दुरुस्ती टेक्निकली अजून पेंडिंगच आहे.