डेमन कीथ : सरकारला वॉरंट मागणारा न्यायाधीश

अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांतील न्यायाधीशांमध्ये मला डेमन कीथ यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. १९२२ मध्ये डेट्रॉईटमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय माणसाने दुसऱ्या महायुद्धात वर्णभेद पाळणाऱ्या सैन्यात सेवा केली आणि १९४९ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. वकिलीच्या परीक्षेची तयारी करताना ते एका वृत्तपत्राच्या कार्यालयात साफसफाई करत. तिथे कायद्याचा शब्दकोश वाचताना पाहून एका गोऱ्या वार्ताहराने त्यांना फरशीच पुसत राहण्याचा सल्ला दिला होता.

१९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना जिल्हा न्यायाधीश नेमले. १९७१ मध्ये, देशांतर्गत सुरक्षेचे कारण पुढे करून निक्सन सरकारने वॉरंटशिवाय केलेले फोन टॅपिंग त्यांनी घटनाबाह्य ठरवले, तेव्हा सरकारने चक्क त्यांच्याविरुद्धच वरच्या न्यायालयात धाव घेतली. परंतु १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्यांचाच निर्णय कायम ठेवला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम हेच.

१९७७ मध्ये कार्टर यांनी त्यांची नेमणूक सहाव्या सर्किटच्या (मिशिगनसह काही राज्यांच्या विभागाच्या) अपील न्यायालयावर केली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर स्थलांतरितांच्या काही सुनावण्या सरसकट बंद दाराआड घेण्याचा सरकारचा निर्णय त्यांनी २००२ मध्ये अमान्य केला आणि बंद दारांमागे लोकशाही मरते, असे त्या निकालपत्रात लिहिले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते.