तुम्ही विचारलंत म्हणून: वेगळं स्टोरेज नेटवर्क टाकूनही बॅकअप हळूच का?

प्रश्न दर वेळी जवळजवळ याच शब्दांत येतो. "बॅकअपसाठी वेगळं स्टोरेज नेटवर्क टाकलं, १० गिगाबिटचे स्विच घेतले, तरी व्हीएमचे (व्हर्च्युअल मशीनचे) बॅकअप सकाळपर्यंत चालूच असतात. आता काय बदलू?" मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्यही येतं: "जंबो फ्रेम लावून बघू का?"

जंबो फ्रेम म्हणजे नेटवर्कवरची पाकिटं १५०० ऐवजी ९००० बाइटची करणं. आत्ता नको. आधी एवढंच बघून सांगा, की जॉबच्या लॉगमध्ये प्रत्येक डिस्कसमोर काय लिहिलंय: सॅन, हॉटअ‍ॅड की एनबीडी? सॅन म्हणजे थेट सामायिक स्टोरेजवरून, हॉटअॅड म्हणजे बॅकअप घेणाऱ्या व्हीएमलाच ती डिस्क जोडून, एनबीडी म्हणजे होस्टमार्फत नेटवर्कवरून. बहुतेकांनी तो लॉग उघडलेलाच नसतो, आणि माझी चिडचिड होते ती इथे. स्विच, कार्डं, केबल यांवर पैसे खर्च झालेले असतात, पण डेटा कुठल्या वाटेने येतोय हे कोणीच पाहिलेलं नसतं.

व्हीएमवेअरमध्ये वाट बॅकअप सॉफ्टवेअर ठरवतं. एनबीडी असेल तर डेटा ईएसएक्सआय होस्टच्या (ज्या सर्व्हरवर व्हीएम चालतात त्याच्या) मॅनेजमेंट पोर्टमधून, टीसीपी ९०२ वरून बाहेर पडतो. प्रॉक्सी (बॅकअपसाठी डेटा ओढणारं मशीन) व्हीसेंटरला, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारते, व्हीसेंटर होस्टचं नाव देतं, डीएनएस त्या नावाचा मॅनेजमेंटचाच पत्ता सांगतं. तुमच्या नव्या नेटवर्कचा या सगळ्यात कुठेच संबंध येत नाही. प्रॉक्सीमधलं दुसरं कार्ड 'कनेक्टेड' दिसतं, पिंग जातो, आणि बॅकअपचा एक बाइटही तिथून येत नाही. जॉब चालू असताना दोन्ही कार्डांचे आलेख शेजारी शेजारी उघडा. मॅनेजमेंटचं कार्ड सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास सपाट चालत असेल, तर तुम्ही १ गिगाबिटच्या तारेवर आहात. तिची कागदावरची मर्यादाच १२५ आहे. त्या वेगाने १० टेराबाइटच्या फुल बॅकअपला २५ तास लागतात, आणि कुठल्याही सेटिंगने ते कमी होत नाहीत.

यावर उपाय दोन. पहिला साधा आहे आणि फार कमी जण वापरतात. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ पासून होस्टवर वेगळा व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टचा स्वतःचा नेटवर्क पत्ता) करून त्याला 'व्हीस्फिअर बॅकअप एनएफसी' ही सेवा नेमून देता येते. बॅकअप सॉफ्टवेअर तेवढं नवं असेल आणि प्रॉक्सीला तो पत्ता गाठता येत असेल, तर एनबीडीचा डेटा तिथून वाहू लागतो. हे प्रत्येक होस्टवर करावं लागतं. एक होस्ट सुटला की त्याच्यावरच्या व्हीएम जुन्याच वाटेने येत राहतात.

दुसरा उपाय सॅन मोड. प्रॉक्सी म्हणून प्रत्यक्ष सर्व्हर घ्यायचा आणि डेटास्टोअरचे (व्हीएमच्या डिस्क जिथे राहतात त्या जागेचे) लन, म्हणजे अॅरेने (सामायिक स्टोरेजच्या पेटीने) दिलेल्या डिस्क, त्यालाही दाखवायचे: फायबर चॅनेल असेल तर झोनिंग आणि मास्किंग (कोणाला कुठला लन दिसावा हे ठरवणं) करून, आयस्कझी असेल तर प्रॉक्सीच्या इनिशिएटरचं नाव अ‍ॅरेवर नोंदवून. मग प्रॉक्सी थेट अ‍ॅरेवरून ब्लॉक वाचते, होस्टमधून डेटा जातच नाही. लोकल डिस्क, एनएफएस आणि व्हीसॅनवर हा मोड चालत नाही. आणि वाट सापडली नाही तर बरीच सॉफ्टवेअरं गाजावाजा न करता एनबीडीवर उतरतात. नवा लन केला, तिन्ही होस्टना दिला, प्रॉक्सीला द्यायचा राहिला. जॉब हिरवाच दिसतो, फक्त तिप्पट वेळ घेतो. म्हणून एनबीडीवर उतरण्याची मुभा बंद ठेवावी असं मी सांगतो. जॉब फेल झालेला दिसतो तरी.

आता ज्या गोष्टीमुळे मी सॅन मोडचं नाव घेताना आवाज खाली आणतो, ती नीट सांगतो, कारण ती ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो. बॅकअप ठेवायची जागा भरते. स्टोरेजवाला ४ टेराबाइटचा नवा लन त्याच प्रॉक्सीला देतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ३, ४, ५, ६ अशी रांग दिसते. सगळ्या ऑफलाइन, सगळ्यांचं मॉडेल एकच, कारण अ‍ॅरे एकच, आणि दोन डिस्कचा आकारही सारखाच, ४ टेराबाइट. त्या दोनपैकी एक रिकामी आहे. दुसरीवर चालू व्हीएम आहेत, पण व्हीएमएफएस (डेटास्टोअरची फाइल सिस्टीम) विंडोजला वाचता येत नसल्यामुळे तिच्यावर फक्त नाव नसलेलं एक पार्टिशन दिसतं. समोरचा समजतो, जुना कचरा असेल. ऑनलाइन करतो, डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' देतो, एनटीएफएसने फॉरमॅट मारतो. पाच मिनिटांचं काम.

त्या क्षणी बहुतेकदा काहीच घडत नाही, आणि भयंकर आहे ते हेच. होस्टने डेटास्टोअर आधीच उघडून ठेवलेला असतो, व्हीएम चालत राहतात. पुढे कधी तरी होस्ट रीबूट होतो किंवा स्टोरेज रीस्कॅन होतं आणि डेटास्टोअर यादीतून गायब होतो. नुसतं क्लीन झालं असेल तर बऱ्याचदा फक्त पार्टिशन टेबल गेलेलं असतं. व्हीएमएफएस ५ किंवा ६ चा डेटास्टोअर मुळातूनच तसा केलेला असेल, तर त्याचं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं आणि होस्टवरची पार्टेडयुटिल ही आज्ञा वापरून ते टेबल पुन्हा लिहिता येतं. व्हीएमएफएस ३ वरून चढवलेला जुना डेटास्टोअर असेल तर सुरुवात १२८ पासून. फॉरमॅटही झालं असेल तर एनटीएफएसने व्हीएमएफएसच्या जागेत आपली रचना लिहिलेली असते, मग हे पुरत नाही. अशा वेळी रीबूट करू नका, रीस्कॅन करू नका, चालू व्हीएममधला डेटा व्हीएमच्या आतूनच बाहेर काढा.

टाळायचं कसं? केबल जोडण्याआधी डिस्कपार्टमध्ये सॅन पॉलिसी 'ऑफलाइन शेअर्ड' करा (म्हणजे सामायिक डिस्क विंडोज आपणहून उघडणार नाही), ऑटोमाउंट बंद करा. अ‍ॅरेवरून लन फक्त वाचण्यापुरते द्या. आणि बॅकअप साठवायची जागा त्या प्रॉक्सीवर ठेवूच नका, म्हणजे त्या यादीत हात घालायची वेळच येणार नाही.

पूर्वी मी सगळ्यांना सरसकट सॅन मोड सांगायचो. तेव्हा मॅनेजमेंटला १ गिगाबिट आणि फायबर चॅनेलला ८ असायचं, निवड करायचा प्रश्नच नव्हता. आज होस्टला २५ गिगाबिटची कार्डं असतात, तिथे एनबीडी पुरतं आणि प्रॉडक्शनचे लन कोणाच्या हाताशी येत नाहीत. तरी मोठे फुल बॅकअप असतील आणि होस्ट आधीच दमलेले असतील, तर सॅन मोडला तोड नाही. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी बोलतोय. बोलतोय खरा, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

शिवाय रोजच्या इन्क्रिमेंटलला (फक्त बदललेल्या डेटाच्या बॅकअपला) यातलं थोडंच लागू पडतं. चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंगमुळे बदललेले ब्लॉकच वाचले जातात आणि ते विखुरलेले असतात. व्हीएममागे २० गिगाबाइट बदलत असतील, तर बराच वेळ स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेण्यात आणि तो मिटवण्यात जातो. तारेची रुंदी तिथे उपयोगाची नाही. लिहिण्याची बाजूही बघा: रेड ६ वर (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणाऱ्या मांडणीवर) एका छोट्या लेखनामागे डिस्कच्या सहा हालचाली होतात, त्यावर रिव्हर्स इन्क्रिमेंटल (दर वेळी फुल बॅकअपची फाइलच ताजी करणारी पद्धत) चालवलं की अडणार तिथेच.

आणि जंबो फ्रेम. लावायच्या तर होस्ट, स्विचचा प्रत्येक पोर्ट, अ‍ॅरे आणि प्रॉक्सी, सगळीकडे ९००० हवं. होस्टवरच्या व्हीएमकेपिंग या आज्ञेने, तुकडे न करण्याच्या पर्यायासह, ८९७२ बाइटचा पिंग पाठवून बघा; उरलेले २८ बाइट हेडरचे. मधला एखादा पोर्ट १५०० वर राहिला तर लॉगिन होतं, लनही दिसतात, आणि मोठं वाचन सुरू झालं की अडकतं. मिळणारा फायदा थोडका, पटीत नाही.

एक भांडण मात्र माझं माझ्याशीच चालू आहे. लन फक्त वाचण्यापुरते दिले की रिस्टोअर सॅनवरून होत नाही, तो होस्टच्या नेटवर्कवरूनच परततो. लिहायची परवानगी दिली तरी सॅनवरून वेगात परततात त्या थिक डिस्क, म्हणजे ज्यांची पूर्ण जागा आधीच राखलेली असते त्या. थिन डिस्कला प्रत्येक नव्या जागेसाठी होस्टला विचारत बसावं लागतं. ज्यांच्याकडे बहुतेक डिस्क थिन आहेत त्यांना मी परवानगी देऊ नका म्हणतो. मोठ्या थिक डिस्कचे डेटाबेस असलेल्यांना काय सांगावं? रिस्टोअरला किती तास चालतील, हे आधी त्यांनी मला सांगावं लागतं.